प्रिओरातच्या उतारावर सेंद्रिय म्हणजे कुदळ

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत स्पेनमधील डोंगरउतारावरच्या द्राक्षबागांविषयी आणि तेथील लहान शेतकऱ्यांच्या सेंद्रिय लाल वाइनविषयी जो सचित्र लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचून काढला. मराठी वर्तमानपत्रात या विषयाला पानभर जागा मिळावी, याचा एक द्राक्ष उत्पादक म्हणून मला मनापासून आनंद झाला. मात्र त्या लेखाचा एकंदर सूर असा आहे की, तिथला शेतकरी बागेत काही फवारत नाही, काही घालत नाही, वेल आणि निसर्ग यांच्यावर सारे सोपवून काढणीची वाट पाहतो आणि म्हणून त्याची वाइन सेंद्रिय ठरते. ही समजूत चुकीची आहे आणि त्या शेतकऱ्यांच्या कष्टांवर अन्याय करणारी आहे. ते काम मी जवळून पाहिले आहे, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

मी दिंडोरी तालुक्यात गेली तीस वर्षे द्राक्षे पिकवतो. सात एकरांपैकी दोन एकर बाग वाइनच्या द्राक्षांची आहे आणि तो माल करारानुसार वाइनरीला जातो. आमचे घर माळकऱ्यांचे असल्याने मी स्वतः वाइन घेत नाही, तेव्हा चवीविषयी मी काही लिहिणार नाही. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त बार्सिलोनाला असतात. त्यांच्या ओळखीने कॅटलोनियाच्या दक्षिणेकडील प्रिओरात या डोंगराळ भागातल्या एका शेतकरी जोडप्याकडे मला दोन वेळा राहता आले, एकदा सप्टेंबर-ऑक्टोबरात काढणीच्या दिवसांत आणि एकदा एप्रिलमध्ये. त्यांची बाग अडीच हेक्टरांची, म्हणजे आपल्या सहा एकरांच्या आसपास. भाषेची अडचण मुलीने दूर केली. कुदळ आणि कात्री हातात घेतल्यावर तर ती फारशी उरलीच नाही.

प्रिओरात हे नावच मठावरून पडलेले आहे. मोन्सांत पर्वताच्या कड्याखाली बाराव्या शतकात कार्थुसियन पंथाच्या साधूंनी ‘स्काला देई’, म्हणजे देवाची शिडी, या नावाचा मठ स्थापन केला आणि त्या मठाच्या प्रमुखाच्या, म्हणजे ‘प्रायर’च्या, अमलाखालचा मुलूख तो प्रिओरात. द्राक्षाची लागवड आणि वाइन करण्याची विद्या या साधूंनी इथे रुजवली. १८३५ साली स्पेनच्या सरकारने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या तेव्हा साधूंना बाहेर पडावे लागले. मठाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात फायलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी कीड इथवर पोहोचली आणि बागाच्या बागा वाळल्या. अमेरिकन वेलाच्या खुंटावर स्थानिक जातीचे कलम करणे हाच उपाय होता. आपल्याकडे ज्या डॉगरिज खुंटावर आपण कलमे भरतो, तोही अमेरिकन वेलांच्याच कुळातला आहे. पुन्हा लावणी झाली, पण उतारावरच्या कित्येक तुकड्यांवर कोणी परतलेच नाही. लोक रेउस, तारागोना आणि बार्सिलोनाच्या कारखान्यांकडे गेले आणि डोंगर रानझुडपांखाली गेले. १९८९ साली रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस आणि त्यांच्या सोबत्यांनी ग्राताल्योप्स या गावात एकत्र येऊन नव्याने वाइन केली, तेव्हापासून या भागाकडे जगाचे लक्ष गेले. आज इथे सुमारे दोन हजार हेक्टर बागा आणि शंभरहून अधिक वाइनरी आहेत, आणि स्पेनमध्ये रिओहाखेरीज सर्वोच्च दर्जाचे मानांकन असलेला हा एकच प्रदेश आहे. हा इतिहास आपल्या लेखात थोडक्यात आला आहेच. बागेत प्रत्यक्ष काय चालते, ते मात्र आलेले नाही.

तिथली जमीन पाहिल्यावर मी पहिल्यांदा काही बोललोच नाही. तिला माती म्हणावे असे फारसे काही नाही. लहानपणी आपण ज्या पाटीवर मुळाक्षरे गिरवली, त्या पाटीच्या दगडाचे काळपट तपकिरी थर उभे-आडवे फुटून डोंगरभर पसरलेले आहेत. या दगडाला तिथे ‘लिकोरेया’ म्हणतात. हातात घेतला तर त्याच्या पातळ चकत्या सुटतात आणि उन्हात त्यावरचा अभ्रक चमकतो. पायाखाली तो सतत सरकतो, त्यामुळे चढताना एक पाऊल टाकले की अर्धे पाऊल मागे येते. या दगडात पाणी टिकत नाही आणि सेंद्रिय कर्ब अगदी कमी असतो. मात्र थर उभे फाटलेले असल्याने वेलाची मुळे त्यांच्या फटींतून कित्येक मीटर खोल जातात आणि कोरड्या उन्हाळ्यात तिथल्या ओलाव्यावर वेल तग धरतो. आपल्यासारखा मांडव नाही, तारा नाहीत, वाय आकाराचे अँगल नाहीत. गुडघ्याएवढ्या खोडावर तीन-चार ओलांडे, म्हणजे कायमच्या जाड फांद्या, वाटीच्या आकारात वर ठेवलेले असतात आणि दरवर्षी हिवाळ्यात त्यांवर एक-दोन डोळे राखून छाटणी करतात. खरड छाटणी आणि गोडी छाटणी असे दोन हंगाम मी त्यांना समजावून सांगितले तेव्हा वर्षातून दोनदा छाटून वेल जगतो कसा, याचे त्यांना नवल वाटले. थंडीत वेलाला झोप देणारा त्यांचा प्रदेश आणि बारा महिने पाने राखणारा आपला, हा फरक मुळातच मोठा आहे.

त्यांच्या बागेत गार्नाचा आणि कारिन्येना या दोन काळ्या जाती आहेत आणि कारिन्येनाचे काही वेल आजोबांच्या हातचे आहेत. अशा जुन्या वेलावर किलोभर, फार तर दीड किलो माल येतो. साधारण सव्वा किलो द्राक्षांतून पाऊण लिटरची एक बाटली भरते, म्हणजे एका वेलाची वर्षभराची मेहनत एका बाटलीत येते. प्रिओरातच्या नियमांनुसार हेक्टरी सहा हजार किलोंपेक्षा अधिक माल घेता येत नाही, पण या जोडप्याचे उत्पादन त्याच्या निम्म्यावरही क्वचितच जाते. टेबल द्राक्षांचा एकरी आठ-दहा टनांचा हिशेब ज्याच्या डोक्यात पक्का आहे, त्याला हे आकडे पचायला वेळ लागतो. मलाही लागला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांत तणनाशकाला बंदी आहे. सपाट रानात ही अडचण फार मोठी नाही, कारण ट्रॅक्टरला अवजार जोडून दोन ओळींमधले तण आणि बुंध्याभोवतीचे तणही काढता येते. ज्या उतारावर माणूस उभा राहण्यासाठी एका हाताने वेल धरतो, तिथे ट्रॅक्टर जात नाही. पूर्वी बहुतेकांकडे खेचर होते आणि आजही काही बागांत खेचराने नांगरट करतात, पण खेचर पाळणे, त्याला शिकवणे आणि त्याच्यामागे दिवसभर उतारावर चालणे हे सगळ्यांना जमत नाही. या जोडप्याकडे खेचर नाही. त्यामुळे हिवाळ्यातल्या पावसाने उगवलेले तण मार्च ते मे या काळात कुदळीने काढणे आणि जिथे दगड फार सैल आहेत तिथे ब्रश कटरने कापणे, हे दोनच मार्ग त्यांना उरतात. हे तण वेळेवर निघाले नाही, तर उन्हाळ्यापूर्वी दगडाच्या फटींत साठलेली ओल ते शोषून घेते आणि ऑगस्टमध्ये वेलाची पाने पिवळी पडतात.

एप्रिलमध्ये मी त्यांच्याबरोबर सहा दिवस कुदळ चालवली. सपाट रानातली खुरपणी मला आयुष्यभर माहीत आहे, पण इथे कुदळीचा घाव उताराच्या वरच्या अंगाला घालावा लागतो, म्हणजे माती, खरे तर दगडाचा चुरा, खाली ओढला जाणार नाही. एकाच बाजूला वाकून काम केल्याने दुसऱ्या दिवशी डाव्या कमरेतून कळ येऊ लागली. गृहिणी, ज्यांचे वय साठीच्या घरात असावे, माझ्या वरच्या ओळीत होत्या आणि त्यांची कुदळ थांबत नव्हती. एका वेळी त्यांनी काहीतरी विचारले. मुलगी म्हणाली, “बाबा, त्या विचारताहेत, तुमच्याकडे गवत कोण काढतं?” मी सांगितले की, पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, खुरपणीला बहुतेक बायाच असतात, आणि आता बरेच जण तणनाशक मारतात. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “इथे मीच येते.” पुढे घरी त्यांनी त्यांची वही दाखवली. त्यात फवारणी, छाटणी, खुरपणी यांचे दिवस लिहिलेले होते आणि वर्षातली सर्वांत लांब नोंद खुरपणीची होती. सेंद्रिय प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाचा निरीक्षक दरवर्षी येतो, वही आणि खरेदीच्या पावत्या तपासतो, प्रसंगी पानांचे नमुने घेतो. तणनाशक मारलेले नाही, हे तो लिहून नेतो. त्याऐवजी कोणाचे किती दिवस गेले, यासाठी त्याच्या अर्जात रकाना नाही, आणि बाटलीवरच्या हिरव्या पानाच्या चिन्हातही ते कुठे दिसत नाही. आपल्या लेखातून नेमके हेच निसटले आहे.

दुसरी गोष्ट फवारणीची. “काही फवारत नाहीत” हे विधान तर सरळ चुकीचे आहे. सेंद्रिय बागेत गंधक आणि ताम्र दोन्ही चालतात, आणि ही दोन्ही औषधे आपल्या बागायतदारांना चांगली परिचयाची आहेत: भुरी या बुरशीरोगासाठी गंधक आणि केवडा या दुसऱ्या बुरशीरोगासाठी मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण. प्रिओरात हा कोरडा प्रदेश असल्याने फवारण्या आपल्यापेक्षा पुष्कळ कमी लागतात, हे खरे. पण कारिन्येनाला भुरी लवकर धरते आणि वसंतात पाऊस लागून राहिला तर गार्नाचावर केवडा येतो. ट्रॅक्टरचा ब्लोअर जिथे चालत नाही, तिथे पाठीवरचा पंप घेऊन चढावे लागते. गंधकाची भुकटी पहाटे, वारा पडलेला असताना धुरळतात, आणि ती धुरळून झाल्यावर डोळ्यांची जी आग होते ती आपल्याकडे कोणाला सांगायला नको. ताम्र हा जड धातू असून जमिनीत साचत जातो, म्हणून युरोपीय संघाने त्यावर सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोंची मर्यादा घातली आहे, म्हणजे वर्षाला सरासरी चार किलो. सेंद्रिय औषध म्हणजे निरुपद्रवी औषध, असा समज आपल्याकडेही रूढ आहे, त्यासाठी हा आकडा मुद्दाम देत आहे.

या दोन औषधांवरच विसंबून राहणे किती जोखमीचे असते, हे या भागाने लागोपाठ दोन वर्षांत अनुभवले. जून २०१९ च्या अखेरीस युरोपवर उष्णतेची लाट आली आणि प्रिओरातमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला. ज्यांनी त्याच्या आदल्या दिवसांत गंधक धुरळले होते, त्यांच्या बागेत उन्हाचा चटका अधिक बसला, कारण कडक उन्हात गंधकामुळे पाने आणि मणी करपतात. घड वेलावरच मनुक्यांसारखे सुकले. २०२० च्या वसंतात उलट पाऊस थांबेना, आणि कॅटलोनियाभर केवड्याने असा कहर केला की, आंतरप्रवाही, म्हणजे वेलीच्या आत भिनणारे, बुरशीनाशक वापरण्याची मुभा नसलेल्या सेंद्रिय बागांना त्याचा फटका सर्वाधिक बसला. ताम्राचा थर पावसाने धुऊन गेला की पुन्हा फवारायचे, आणि निसरड्या उतारावर ओल्या दगडांतून पाठीवर पंप घेऊन चढायचे, हे त्या वसंतात किती वेळा करावे लागले, ते सांगताना यजमान बराच वेळ गप्प झाले होते. त्यानंतरची सलग तीन वर्षे दुष्काळाची गेली; काही जुने वेल वाळले. असे असूनही त्यांनी प्रमाणपत्र सोडले नाही.

घडातल्या अळीसाठी त्यांनी केलेला उपाय मात्र मला फार आवडला. पतंगाच्या मादीचा कामगंध असलेल्या छोट्या नळ्या वसंतात ठरावीक अंतराने वेलींना बांधतात. सगळीकडे मादीचा गंध दरवळत राहिल्याने नराला खरी मादी सापडत नाही आणि अंडी घातली जात नाहीत. आपल्याकडचे कामगंध सापळे पतंग पकडतात, हा उपाय त्याहून निराळा आहे. तो एकट्याच्या लहान तुकड्यावर चालत नाही, कारण शेजारच्या बागेतून मीलन झालेल्या माद्या उडून येतात. म्हणून डोंगराच्या एका बाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांना एकाच आठवड्यात नळ्या बांधाव्या लागतात, आणि त्यासाठी ज्यांचे एरवी बांधावरून पटत नाही तेही एकत्र येतात.

लेखातल्या एका छायाचित्राविषयीही लिहायला हवे. त्यात डोंगरावर रेखीव, रुंद पायऱ्या दिसतात आणि खाली ‘शतकानुशतकांच्या पारंपरिक पायऱ्या’ असे लिहिले आहे. इतक्या रुंद पायऱ्या बहुधा १९९० नंतर बुलडोझरने काढलेल्या असतात, जेणेकरून ट्रॅक्टर जावा. दोन पायऱ्यांमधला उघडा, उंच कापीव भाग पावसात ढासळतो आणि लागवडीची कितीतरी जागा त्यातच जाते. जुन्या पद्धतीत एकतर वेल थेट उतारावरच लावलेले असतात, त्या उतारांना तिथे ‘कोस्टेर’ म्हणतात, किंवा कोकणातल्या गडग्यासारख्या, चुना-माती न घालता रचलेल्या दगडी तालींनी अरुंद पट्ट्या बांधलेल्या असतात. अशी ताल कोसळली की तेच दगड पुन्हा रचायचे असतात. दरवर्षी पावसाळ्यानंतर यजमानांचे पहिले काम ते असते आणि त्याचे पैसे कोणी देत नाही. ज्यांनी ट्रॅक्टरसाठी पायऱ्या काढल्या त्यांना मी दोष देत नाही. मजूर मिळत नाहीत आणि गावात तरुण माणूस उरलेला नाही. पण दोन्हींना एकाच नावाने पारंपरिक म्हटले, तर जो हाताने ताली रचतो त्याच्या कामाची ओळखच पुसली जाते.

काढणी सप्टेंबरात गार्नाचापासून सुरू होते आणि कारिन्येना ऑक्टोबरपर्यंत चालते. दहा-बारा किलोंचे क्रेट भरून खांद्यावरून खालच्या वाटेपर्यंत आणायचे. मोरोक्को आणि रोमानियातून आलेले चार मजूर आणि आम्ही असे आठ जण होतो. घराच्या तळमजल्यावरच्या वाइनघरात घड निवडून, देठ काढून मणी उघड्या पिंपांत भरतात आणि बाहेरून यीस्ट न घालता, सालीवरच्या आणि त्या घरातल्याच यीस्टवर आंबवण सुरू होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सालींचा जाड थर फुगून वर येतो. तो दिवसातून दोनदा लाकडी दांड्याने खाली दाबावा लागतो, नाहीतर वर सुकून त्याला आंबूस वास लागतो आणि रंग-तुरटपणाही रसात उतरत नाही. रात्री मी जिन्याने उतरू लागलो, तेव्हा यजमानांनी मला दंडाला धरून थांबवले, मेणबत्ती पेटवून हात खाली नेला आणि ज्योत स्थिर आहे हे पाहूनच मला पुढे जाऊ दिले. आंबवणातून निघणारा कर्बवायू हवेहून जड असतो आणि तळाशी साचतो. सांगलीजवळ हरिपूरला हळदीच्या पेवात उतरण्यापूर्वी कंदील सोडून पाहतात, तीच ही खबरदारी, आणि तिचे कारणही तेच. पुढे सारा रस निघाला की उरलेला चोथा लाकडी पट्ट्यांच्या दाबयंत्रात सावकाश पिळतात आणि तो बागेत परत जातो, पुन्हा खांद्यावरूनच.

सेंद्रिय वाइनमध्ये गंधक नसते, हेही लेखातले विधान दुरुस्त करावे लागेल. २०१२ पर्यंत युरोपात ‘सेंद्रिय वाइन’ असे लिहिता येत नव्हते. ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ एवढेच लिहिता येई, कारण वाइन करण्याच्या पद्धतीवर नियमच नव्हते. त्या वर्षीच्या हंगामापासून नियम आले आणि कोरड्या लाल वाइनसाठी सल्फाइटची, म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात त्या गंधकाच्या संयुगाची, मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम ठरली. साध्या वाइनला ती १५० आहे. मुळात यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट तयार करते. हे जोडपे बाटल्या भरताना अगदी थोडे घालते, कारण वर्षभराचा सगळा माल मोजक्या पिंपांत असतो आणि तो बिघडला तर त्यांच्याकडे दुसरा माल नाही.

इतके झाल्यावर बाटलीची किंमत अधिक असते, आणि लेखकाने तिला ‘शौकिनांची चैन’ म्हटले आहे. घेणाऱ्याच्या बाजूने ते असेल. करणाऱ्याच्या बाजूने मात्र ती किंमत म्हणजे तण काढण्याची मजुरी, ताली रचण्याची मजुरी आणि करपून गेलेल्या वर्षांचा खर्च. ज्यांना स्वतःचे वाइनघर परवडत नाही, ते गावच्या सहकारी संस्थेला द्राक्षे घालतात. फाल्सेत येथे १९१९ साली, बार्सिलोनाचे प्रसिद्ध वास्तुशिल्पी गाउदी यांचे शिष्य सेसार मार्तिनेल यांनी बांधलेली सहकारी वाइनरी आजही चालू आहे, आणि सहकार ज्यांच्या अंगवळणी पडला आहे अशा आपल्या भागातल्या माणसांनी ती इमारत मुद्दाम पाहावी. २००९ पासून प्रिओरातने बाटलीवर गावाचे नाव लिहिण्याची पद्धत सुरू केली, म्हणजे पोरेरा, तोरोजा, ग्राताल्योप्स अशी नावे खुद्द गिऱ्हाइकापर्यंत पोहोचू लागली. जुन्या वेलींनाही नियमांत वेगळी ओळख मिळाली आहे. लहान शेतकऱ्याला या दोन गोष्टींचा आधार आहे, कारण मोठ्या कंपनीशी तो किमतीत स्पर्धा करू शकत नाही, पण आजोबांच्या हातचा वेल तिच्याकडे नसतो.

हे सगळे नाशिकच्या माणसाने आपल्या वर्तमानपत्राला का लिहावे, असे कोणी विचारील. २०१० साली आपली द्राक्षे युरोपात एका वाढरोधकाच्या अंशामुळे अडकली होती, तेव्हा ‘औषध कमी मारा’ एवढाच धडा आपण घेतला. जे कमी मारायचे त्याच्या जागी कोणते काम वाढते, ते कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हा हिशेब फार थोड्यांनी मांडला. आज आमच्या भागातले काही तरुण सेंद्रियकडे वळू पाहतात आणि त्यांना सांगितले जाते की, खर्च वाचेल, काही करावे लागणार नाही. पावसाळ्यात केवडा आणि करपा अंगावर घेणाऱ्या आपल्या हवामानात ते शब्द ऐकून कोणी बाग बदलली, तर प्रमाणपत्रासाठी लागणारी तीन वर्षे पुरी होण्याआधीच तो कर्जात जाईल. आपल्या लेखासारखे लेख हे तरुण वाचतात आणि त्यांवर विश्वास ठेवतात.

आणखी एक बाब. लेखात सेंद्रिय लाल वाइन प्रकृतीला हितकारक असल्याचे सुचवले आहे. प्रिओरातच्या लाल वाइनमध्ये अल्कोहोल चौदा-पंधरा टक्के असते आणि ते सेंद्रिय द्राक्षांतून आले म्हणून निराळे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे की, मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. यजमानांनीही मला कधी आरोग्याच्या नावाखाली प्यालाभर घ्या म्हटले नाही. मी नको म्हणालो तेव्हा त्यांनी पुढ्यात ताज्या रसाचा पेला ठेवला.

आपणांस विनंती आहे की, फवारणी, गंधक आणि पायऱ्यांचे छायाचित्र यांविषयीची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी. त्यासोबत छायाचित्र द्यायचे झाल्यास काढणीच्या दिवसांतले, घडांनी भरलेल्या क्रेटचे देऊ नये. ते सगळेच देतात. एप्रिलमधल्या खुरपणीचे एक छायाचित्र माझ्या मुलीने काढलेले आहे, त्यात चेहरा दिसत नाही, फक्त पाटीच्या दगडांचा उतार, वाकलेली पाठ आणि उचललेली कुदळ एवढेच आहे. त्या बाईंची परवानगी मी घेतलेली आहे. हवे असल्यास ते आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला नम्र,
एक द्राक्ष बागायतदार,
दिंडोरी तालुका, जि. नाशिक